एकसारखी डोकी

साकुजींच्या दुकानात आरशाच्या वर, छताला लागून, फोटोंची एक रांग होती. आमच्या बंदरावरच्या माध्यमिक शाळेत दर एप्रिलला नवी मुलं दाखल व्हायची. त्या दिवशी त्यांना शाळेच्या पायऱ्यांवर बसवून फोटो काढायचे आणि त्याची एक प्रत न मागता साकुजींकडे यायची. मुलग्यांनी डोकं बारीक करून यायचं, पुढे, मागे, कानांवर, माथ्यावर, सगळीकडे केस एकाच लांबीचे, असा शाळेचा नियम होता. आणि ते करून देणारं दुकान गावात एकच. त्यामुळे फोटोतली पोरं शाळेची असली तरी डोकी साकुजींची, असं सगळेच धरून चालायचे.

दाढीसाठी खुर्चीत मागे रेललेल्या माणसाची नजर आपोआप त्या रांगेवर जायची.

"साकुजी, यातला मी कुठला हो?" एखादा मिशीवाला कोळी विचारायचा.

"तुझ्या आईला विचार."

"विचारलं. तिलाही सापडत नाही."

"मग माझं काम चांगलं झालं," साकुजी म्हणायचे आणि वस्तरा पट्ट्यावर घासायला घ्यायचे.

किनुए हे लहानपणापासून ऐकत आली होती. साकुजींची ती एकुलती एक मुलगी, आता विशीला टेकलेली, आईसारखीच बुटकी. आई गेल्यापासून दुकानातले गरम टॉवेल, दाढ्या, मानेवरची लव काढणं हे सगळं तिच्याकडे आलं होतं. आमच्याकडे तेव्हा तशीच वाटणी असायची. वस्तरा बाईच्या हातात चालायचा, लोक म्हणायचे बाईचा हात हलका. पण कातरी आणि मशीन पुरुषाच्या हातात. किनुए शहरातल्या शाळेत वर्षभर राहून न्हाव्याचं काम शिकून आली होती, सरकारी परीक्षा पास झाली होती, तिचा परवाना काचेत घालून भिंतीवर टांगलेला होता. तरी तिने टॉवेल पिळायचे आणि साकुजींनी मशीन चालवायचं, हे काही बदललं नव्हतं.

मशीन म्हणजे विजेचं नव्हे. ते आमच्याकडे फार उशिरा आलं. हे हाताचं, लोखंडी, दोन दांड्यांचं; एक दांडी अंगठ्याखाली धरून ठेवायची आणि दुसरी बाकीच्या बोटांनी सारखी दाबत सोडत राहायची. चकचक चकचक असा त्याचा आवाज. साकुजींच्या हातात तो आवाज पहिल्या पोरापासून शेवटच्या पोरापर्यंत एका चालीत चालायचा. काम झालं की मशीन तेलाच्या फडक्याने पुसून आरशाशेजारच्या आकड्याला लागायचं. आकडा साकुजींच्या उंचीच्या बेताने, त्यांच्या डोक्याच्या जरा वर होता. किनुएला टाचा उंचावल्याशिवाय तो गाठता यायचा नाही.

युद्ध संपून दहाएक वर्षं झाली असतील. त्या हिवाळ्यात बर्फ फार पडलं आणि एका सकाळी साकुजींच्या उजव्या हातातून भाताचा वाडगा सुटला. "थंडीने बोटं आखडलीत," ते म्हणाले. थंडी ओसरली, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काही ताळ्यावर आलं नाही. ते चहाची वाटी डाव्या हाताने उचलायला लागले. किनुए बघायची आणि टॉवेल पिळत राहायची. गिऱ्हाइकंही बघायची आणि मासळीच्या गप्पा मारायची.

मग तामोत्सुचा दिवस आला.

तामोत्सु हा होड्या बांधणाऱ्याचा मुलगा, त्या एप्रिलला माध्यमिक शाळेत जाणार होता. इने ही त्याची आजी. ती त्याला केस कापायला घेऊन आली. दुकानात शेगडीपाशी म्हातारा गेनपाची नेहमीसारखा ऊब घेत बसला होता. त्याच्या डोक्यावर कापण्यासारखं काही नव्हतं, पण रोज यायचा. साकुजींनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर फळी टाकून पोराला वर बसवलं, पांढरं कापड बांधलं आणि मानेपासून मशीन लावलं. अर्धं डोकं झालं असेल नसेल, चकचक थांबली. मशीन केसांत रुतलं, पोरगं ओरडलं, साकुजींची बोटं दांडीवर नुसती टेकलेली, दाबायचं विसरून गेल्यासारखी.

"बाबा, मी करते," किनुए म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता पुढे झाली.

इतकी वर्षं ती त्या मशीनकडे बघत होती. आता ते हातात आल्यावर तिला कधी एकदा करून दाखवते असं झालं. भरभर, घाईघाईने तिने उरलेलं डोकं उरकलं. पोरगं मध्ये मध्ये "आई गं" करत होतं. शेवटी तिने कापड झटकलं आणि पोराला खिडकीकडे वळवलं.

पोराच्या डोक्यावर एक काळा पट्टा, एक फिका पट्टा, पुन्हा काळा, असे कानापासून कानापर्यंत पट्टे उमटले होते.

"अरे," गेनपाची शेगडीपासून म्हणाला, "हा तर वाघ!"

"मी नातू घेऊन आले होते," इने आजी म्हणाली. "वाघ घेऊन घरी गेले तर सून मला आत घेईल का गं?"

पट्टे झाकायला एकच उपाय होता. किनुएने वस्तरा घेतला आणि सगळं डोकं गुळगुळीत केलं. वस्तऱ्यात तिचा हात कोणी धरू शकलं नसतं. एक ओरखडा उठला नाही. पण तामोत्सु दुसऱ्या दिवशी आपल्या प्राथमिक शाळेत गेला तेव्हा पोरांनी त्याच्यापुढे हात जोडून रांग लावली आणि म्हणाली, "महाराज, आमच्या मेलेल्या मांजरासाठी मंत्र म्हणा." पोरगं रडत घरी आलं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या बंदरावर झाली होती.

साकुजी रागावले नाहीत. त्यांनी मशीन पुसलं, फडक्यात गुंडाळलं आणि आकड्याला लावलं.

"परवाना आहे तुझ्याकडे," ते म्हणाले. "हात नाही बसलेला."

"हात बसायला डोकी लागतात, बाबा. डोकी तर तुम्ही देत नाही."

"लोकांची डोकी आहेत. माझ्या घरची आहेत का द्यायला?"

पुढच्याच आठवड्यात शिगेनो आत्या आली. साकुजींची ही थोरली बहीण धक्क्याजवळ सुकी मासळी विकायची, आणि बोलली की तिचा आवाज बोटीवर जायचा. खिंडीपलीकडच्या गावात एक न्हावी होता, त्याचा दुसरा मुलगा लग्नाचा होता. घरजावई होऊन यायला तयार, दुकानाचं नाव लावायला तयार.

"हात म्हणजे लोणी आहे लोणी," आत्या म्हणाली. "शाळेची नवी पोरं डोकी करायला येतात त्याच्या आधीच्या रविवारी बघायला येतील. सगळं जमलं तर पोरांची डोकी तोच करेल. साकुजी, तुझी काळजी मिटली."

"आणि मी काय करू?" किनुएने विचारलं.

"तुझी आई काय करायची? टॉवेल, दाढ्या, आणि पुढे पोरंबाळं."

"आत्या, मला त्या मुलाबद्दल काही म्हणायचं नाही. चांगला असेल. पण ती खुर्ची माझी आहे."

"खुर्चीशी लग्न लावायचंय का तुला?"

साकुजी शेगडीतले निखारे हलवत होते, डाव्या हाताने. आत्या गेल्यावर एवढंच म्हणाले, "पाहुणे येऊन जाईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. दुसरं डोकं बिघडलं तर शाळेची पोरं खिंडीपलीकडे जातील. मग दुकान कोणासाठी ठेवायचं?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच किनुएला जास्त लागलं. नव्या मुलांच्या रविवारी आया आपापल्या पोरांना घेऊन यायच्या. त्या दिवशी जे दुकान पोरांची डोकी नीट करेल, तिथेच ती पोरं पुढे मिशा फुटेपर्यंत येत राहायची. त्या रविवारी मशीन तिच्या हातात नसलं, तर पुढे कधीच नसणार होतं. हे तिला स्वच्छ दिसत होतं.

तिने आधी सरळ मार्ग धरला. धक्क्यावर जाऊन ओळखीच्या माणसांना विचारलं, केस कापायचेत का, नुसते बारीक. कोळी हसले. एक म्हणाला, मला वाघ व्हायचं नाही, माझी बायको आधीच वाघीण आहे. दुसऱ्याने टोपी घट्ट ओढली. गेनपाचीला विचारलं तर तो गंभीरपणे आपल्या टाळूवरून हात फिरवून म्हणाला, "पोरी, माझे उरलेत त्यांना मी नावं दिलीत. त्यातला एक जरी गेला तरी सुतक पाळावं लागेल." तिने भांडी घासायच्या ब्रशवर हात चालवून बघितला. पण ब्रशला मान नसते, कान नसतात, आणि ब्रश ओरडत नाही.

ज्याच्यासाठी कोणाला विचारावं लागणार नाही असं एकच डोकं तिच्या ओळखीत होतं.

हा विचार आला तेव्हा ती आपले केस विंचरत होती. केस कमरेपर्यंत, काळेभोर. आईचेच केस, लोक म्हणायचे. फणीही आईचीच होती. तिने फणी खाली ठेवली. आमच्याकडे तेव्हा डोकं बारीक केलेली बाई म्हणजे मठातली जोगीण, नाहीतर युद्धाच्या वेळी पुरुषाचं सोंग करून कुठून तरी पळून आलेली कोणी. लग्नाच्या पोरीने असं करणं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. तिला हे सगळं माहीत होतं, आणि पाहुणे पुढच्या आठवड्यात येणार हेही. तिने फणी पुन्हा उचलली, केस पुरते विंचरले, आणि सोमवार कधी येतो याची वाट बघायला लागली.

सोमवारी दुकान बंद असायचं. साकुजी सकाळच्या बसने डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यावर गेले, हाताला शेक मिळावा म्हणून. किनुएने खिडकीचे पडदे बाजूला केले, पोरांची फळी जमिनीवर ठेवून तिच्यावर चढली आणि आकड्यावरून मशीन काढलं. मग खुर्चीत बसली. त्या खुर्चीत ती आयुष्यात पहिल्यांदा बसत होती.

वेणी तिने कातरीने एका झटक्यात कापली. उशीर केला तर धीर सुटेल हे तिला ठाऊक होतं. मग कपाळापासून मशीन लावलं. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीच्या टोकाला तिने मशीन उचललं आणि डोळ्यांतून पाणी आलं. केस ओढला गेला होता, मुळापासून. ती थांबली. पुन्हा करून बघितलं, पुन्हा तसंच. मग तिच्या लक्षात आलं, की मशीन उचलायच्या आधी आपली बोटं थांबतात. ओळ संपली असं मनाने ठरवलं की हात लगेच विसावतो, आणि पात्यांत सापडलेला केस तिथेच राहतो. तामोत्सु दर वेळी तिथेच ओरडला होता. शहरातल्या शाळेत सरावाला पुतळ्यांची डोकी होती आणि एकही पुतळा कधी ओरडला नव्हता.

तिने बोटं चालू ठेवूनच मशीन बाहेर काढायला सुरुवात केली. दुखायचं थांबलं. पुढचं डोकं आरशात दिसत होतं, मागचं तिने चाचपडत केलं. मनगट भरून आलं, बोटं वळली, तिने खुर्चीच्या हातावर हात आपटून त्यांना जागं केलं आणि पुन्हा दांडी धरली.

दुपारी दार उघडलं ते शिगेनो आत्याने. रविवारी नेसायचा किमोनो ती मापाला घेऊन आली होती. तिने आधी जमिनीवरची वेणी बघितली, मग खुर्चीतलं माणूस बघितलं, आणि दाराची चौकट धरली.

"कोण आहेस तू?"

"मीच आहे, आत्या."

"संन्यास घेतलास? अगं, कोणत्या मठात निघालीस? कोणी काही केलं का तुला?"

"कोणी काही केलं नाही. मला सरावाला डोकं पाहिजे होतं."

"डोकं पाहिजे होतं!" आत्या मटकन बाकावर बसली. "होतं तेही गेलं म्हणायचं. रविवारी त्या लोकांसमोर काय बसवू मी? हे?"

"हेच बसव. येऊ दे त्यांना."

"अशी बसलीस तर तो पोरगा तुझ्या पाया पडेल, जोगीण समजून! वर दक्षिणा ठेवून जाईल!"

आत्याने किमोनो तिथेच टाकला आणि ती बसच्या थांब्याकडे पळाली, भावाला घेऊन यायला. साकुजी आले तेव्हा ती त्यांच्या मागून सगळं सांगत येत होती, आणि किनुए खुर्चीशेजारी उभी होती. तिने डोक्याला काही बांधलं नव्हतं. ओरडा बसणार हे तिने धरलं होतं. तिची तयारी झाली होती.

साकुजींनी वेणी उचलली, गुंडाळून बाकावर ठेवली. मग मुलीला खांद्याला धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि डोळे अर्धवट मिटून तिच्या डोक्याकडे बघत राहिले, कापड काढल्यावर ते पोरांकडे बघायचे तसे.

"मागे वाघ आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"आणि भोवऱ्यापाशी मांजर ओरबाडून गेल्यासारखं दिसतंय."

"साकुजी!" आत्या ओरडली. "हिला विचार तरी, हिने हे का केलं!"

"ते दिसतंय, ताई. पण न्हाव्याची मुलगी असं डोकं घेऊन गावात फिरली तर लोक मला विचारतील. बस गं खाली."

किनुए बसली. साकुजींनी मशीन उजव्या हातात घेतलं, मानेला लावलं, दोनदा दाबलं, आणि बोटं पुन्हा रुसली. त्यांनी डाव्या हाताने उजवी बोटं दांडीवर दाबून बघितली. आरशात किनुएला त्यांचा चेहरा दिसत होता. तिने नजर खाली केली. 

"घे," साकुजी म्हणाले आणि मशीन तिच्या हातात दिलं. "मी सांगतो. तू कर."

आधी त्यांनी मशीन चालवूच दिलं नाही. तिचा डावा तळवा तिच्याच डोक्यावर ठेवला, वर आपला हात ठेवला आणि सावकाश फिरवला.

"डोळे मिट. इथे केस कुठे चाललेत?"

"मागे."

"इथे?"

"उजवीकडे. नाही, वळतात."

"भोवरा आहे तो. सगळे तिथून निघतात आणि गोल फिरतात. तू सरळ रेघा ओढल्यास, शेतात नांगर घातल्यासारख्या. जिथे केस समोरून आले तिथे खालपर्यंत कापले गेले, जिथे पाठमोरे होते तिथे वरवरच. म्हणून पट्टे. मशीन लांबी सारखी ठेवतं गं, पण डोकं कुठे सारखं असतं? केस जिकडून येतो त्याच्या तोंडावर जायचं. तो वळला की आपण वळायचं."

"शहरात हे असं नाही सांगितलं."

"सांगितलं असेल. तुला तेव्हा दुखलं नव्हतं."

तिने मशीन लावलं. साकुजी मागे उभे राहून नुसते बोलत राहिले. मान जरा झुकव. हळू. आता कानामागे, कान दुमड, तिथे हाड आहे, त्याच्यावरून तरंगत जा. थांबू नको, थांबू नको. बाहेर येताना बोटं चालू. आता पुन्हा हात फिरव. कुठे टोचतंय? तिथेच. जिथे तळव्याला जास्त टोचायचं तिथे ती परत जायची. मानेपाशी केस दाट, तिथे काळं दिसतं, म्हणून तिथे एक फेरी जास्त. भोवऱ्यापाशी विरळ, तिथे पातं जेमतेम टेकवायचं. पट्टे एका जागी गेले की दुसरीकडे उघडे पडायचे. केस आखूड आणखी आखूड होत गेले. उन्हाची तिरीप खुर्चीवरून आरशावर चढली, तेव्हा साकुजींनी तिच्या माथ्यावरून उलटा तळवा फिरवला, कपाळाकडून मानेकडे, मग मानेकडून कपाळाकडे, आणि तिच्या हातातून मशीन घेऊन पुसायला लागले.

आत्याने उठून आपला हात पुढे केला, चुलीच्या आचेपुढे करतात तसा घाबरत, आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

"खडकावरच्या ओल्या शेवाळासारखं लागतंय," ती म्हणाली. मग एकदम रडायला लागली. "तुझ्या आईचे केस गं ते, भवाने!"

"येतील परत, आत्या," किनुए म्हणाली. आणि तिने वेणी कागदात बांधून आईच्या फणीशेजारी ठेवली.

खिंडीपलीकडे निरोप गेला. तिकडून फार गोड शब्दांत उत्तर आलं, सोबत मिठाईचा एक डबाही आला, आणि विषय संपला. आत्याने मिठाई खाल्ली नाही. गेनपाचीने खाल्ली.

राहिलेले दिवस किनुएने आपल्याच डोक्यावर काढले. कापण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी ती मशीन उघडझाप करत डोक्यावरून फिरवायची, बोटांना न थांबायची सवय लागावी म्हणून. सार्वजनिक न्हाणीघरात गेली की बायका जरा सरकून जागा करून द्यायच्या, आणि एखादी म्हणायचीच, "धुवायला सोपं पडत असेल नाही?" ती "हो" म्हणायची. मासळीबाजारात पोरं तिच्यापुढेही हात जोडून गेली. तिने त्यांना खरोखरीचा आशीर्वाद दिला, हात उंच करून, आणि म्हणाली, "रविवारी या. तुमचीच डोकी करायची आहेत."

शाळेच्या पोरांचा रविवार उजाडला तेव्हा साकुजी खुर्चीमागे उभे राहिले नाहीत. ते शेगडीजवळच्या बाकावर गेनपाचीशेजारी जाऊन बसले. किनुएने फळीवर चढून मशीन खाली घेतलं, फळी पुसून खुर्चीच्या हातांवर टाकली आणि दार उघडलं. डोक्याला रुमाल बांध, असं आत्या सकाळी सांगून गेली होती. तिने बांधला नव्हता.

बाहेर आया आणि पोरं जमली होती. मान आत घालून सगळ्यांनी बघितलं. बाकावर साकुजी, खुर्चीमागे किनुए. कोणी पुढे येईना. एका बाईने हळूच विचारलं, साकुजी, आज तुमची तब्येत बरी नाही का? दुसरी म्हणाली, खिंडीपलीकडे जाणारी दुपारची बस मिळेल अजून. किनुएला ते ऐकू गेलं. तिचा हात मशीनवर घट्ट झाला, पण ती जागची हलली नाही.

"सरका, सरका," मागून आवाज आला. इने आजी तामोत्सुला बखोटीला धरून आणत होती. पोराच्या डोक्यावर आता बोटभर केस उगवले होते आणि चेहरा असा, की फासावर चढवायला नेताहेत.

"आजी, मी नाही! ती पुन्हा वाघ करेल!"

"गप बस." आजी किनुएपुढे येऊन उभी राहिली. "झुक गं जरा."

किनुए झुकली. म्हातारीने आपला राकट, जाळी विणून विणून खडबडीत झालेला पंजा तिच्या डोक्यावर ठेवला आणि बाजारात मासा चाचपावा तसं पुढून मागे, मागून पुढे, कानामागे, भोवऱ्याभोवती, सगळीकडे चाचपलं. दारातल्या बाया माना लांब करून बघत होत्या.

"हे कोणी केलं?"

"मीच."

"मागचंही?"

"मागचंही. बाबा सांगत होते."

"इथून तिथून सारखं आहे," आजीने दाराकडे वळून जाहीर केलं. "जिला स्वतःच्या डोक्याची फिकीर नाही ती तुझ्या डोक्याला घाबरणार नाही. चढ रे फळीवर!"

तामोत्सु चढला. किनुएने कापड बांधलं, डावा तळवा त्याच्या डोक्यावर ठेवला आणि डोळे मिटून एकदा सगळीकडे फिरवला. पोराचा भोवरा डावीकडे होता आणि त्याच्याखाली एक लहान टेंगूळ. मग तिने मानेपासून मशीन लावलं.

चकचक चकचक चकचक.

साकुजी तिच्याकडे बघत नव्हते. ते निखाऱ्यांकडे बघत होते आणि ऐकत होते. आवाज जरा अडखळला की ते खोकायचे. तामोत्सुच्या डोक्यावर ते एकदा खोकले, कानामागे. पण पोरगं ओरडलं नाही. कापड झटकल्यावर तिने त्याला खिडकीकडे वळवलं, आणि सगळ्यांनी बघितलं. पोराने स्वतः दोन्ही हातांनी डोकं चाचपलं, आरशात वाकून वाकून पट्टे शोधले, आणि जरा हिरमुसल्यासारखा म्हणाला, "काहीच नाही."

पुढचं पोर आपणहून फळीवर चढलं. मग त्याच्या मागचं. कोणाचं डोकं मागून चपटं, कोणाचं माठासारखं, एकाला दोन भोवरे. प्रत्येकावर आधी तिचा तळवा, मग मशीन. दुपारची बस खिंडीकडे गेली, तिच्यात आमच्या गावची एकही बाई नव्हती. जमिनीवर केसांचा ढीग साचला, गेनपाची झाडू घेऊन तो बाजूला करायला लागला आणि म्हणाला, यातले थोडे मी घरी नेऊ का? किनुएच्या पंज्याला गोळे आले, तिने हात गरम टॉवेलमध्ये बुडवला आणि पुन्हा मशीन उचललं. साकुजींचा खोकला सकाळी अधूनमधून यायचा. शेवटच्या पोराच्या वेळी तो आलाच नाही. तिने मागे वळून बघितलं, तर ते भिंतीला टेकून चक्क झोपले होते.

शाळेचा फोटो नेहमीसारखा आला. साकुजींनी तो खिडकीपाशी नेला, डोळे अर्धवट मिटले, जरा लांब धरला, मग जवळ घेतला. शाळेच्या पायऱ्यांवर ओळीने पोरं; सगळी डोकी एका रंगाची, एका पोताची. इने आजी नातू शोधायला आली आणि चुकून दुसऱ्याच पोरावर बोट ठेवून "हा बघा आमचा" म्हणाली. तामोत्सु रागावला. साकुजी हसले, खूप दिवसांनी. त्यांनी फोटो रांगेत टांगायला दिला. किनुएबद्दल ते चांगलं-वाईट काही बोलले नाहीत.

तिला वाटलं होतं, निदान एक शब्द बोलतील. रात्रभर ते थोडं सलत राहिलं.

सकाळी तिने दुकान उघडलं, शेगडी पेटवली, टॉवेल उकळत ठेवले. पहिलं गिऱ्हाईक दारात आलं, आणि नेहमीप्रमाणे टाचा उंचावून तिने आरशाशेजारच्या आकड्याकडे हात केला. हात भिंतीला लागला. तिथे नुसतं भोक होतं, भोवती जुन्या तेलाचा डाग. तिने खाली बघितलं. आकडा हातभर खाली, वाकडातिकडा ठोकलेला, बाजूला हातोडी चुकल्याच्या दोन-तीन खुणा. डाव्या हाताचं काम होतं ते. त्याला मशीन लटकत होतं, पुसलेलं.

तिने टाचा खाली टेकल्या. मशीन तिच्या बरोबर खांद्याशी होतं.

"बसा," तिने गिऱ्हाइकाला सांगितलं. "बारीक करायचे ना?"